मला तुमचे हात हवे आहेत

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्य गटाचा अहवाल’ असं छापलंय. तो अहवाल तुमच्या पिशवीत आहे, घरी नेऊन वाचा. मी आज दुसऱ्याच कामासाठी उभी आहे, आणि फार वेळ उभं राहवत नाही म्हणून मधेच खुर्चीत बसेन. पुढच्या महिन्यात माझ्या मणक्याची शस्त्रक्रिया आहे. त्यासाठी मला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

आधी काय झालंय ते सांगते, कारण निम्म्या जणी ‘सायटिका’ म्हणतात आणि निम्म्या ‘गॅप आलीय’ म्हणतात. कंबरेतला चौथा मणका पाचव्यावरून थोडा पुढे सरकलाय. आतली जागा अरुंद झाली आणि पायांकडे जाणाऱ्या नसा आवळल्या गेल्या. दोनशे पावलं चालले की पोटऱ्या दगड होतात. बसलं किंवा पुढे वाकलं की सुटल्यासारखं वाटतं. मोर्चात मी दुकानांच्या पायऱ्यांवर बसत बसत मागून येते, ते यासाठी. पन्नाशीनंतर असा मणका सरकणं पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतं. पहिल्या डॉक्टरांनी मात्र हात न लावताच ‘या वयात बायकांचं असंच असतं, वजन कमी करा’ एवढं सांगून पाठवलं. पुढे व्यायाम, गोळ्या, मणक्यातलं इंजेक्शन, सगळं झालं. आता डावं पाऊल नीट उचललं जात नाही. पायातली चप्पल निसटली हे मागून येणारीने सांगितलं तर कळतं.

माझा मणका हंडे वाहून सरकला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. पण पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, आणि दिवसाला अशा किती खेपा होतात हे तुम्हीच मोजा. निंदणी वाकून, भातलावणी वाकून, लोकांच्या घरची फरशी वाकून. कामातून होणाऱ्या आजारांची कायद्यात एक यादी असते. तिच्यात शिसं आहे, पारा आहे, दगडाची धूळ आहे. वाकून वाकून गेलेली कंबर नाही.

शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हणायला मी वेळ घेतला. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांचं प्रकरण गाजलं ते आठवतंय ना? पोट दुखतं, कंबर दुखते, अंगावरून जातं म्हणून गेलेल्या बाया पिशवी काढून परत आल्या होत्या. म्हणून मी दोन सर्जनना विचारलं. एक म्हणाले, हाड कोरून नसा मोकळ्या करू, तेवढं पुरे. दुसऱ्या म्हणाल्या, सोबत स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके जोडू. हा वाद जगभर आहे. २०१६ साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनच्या अभ्यासाला जोडण्याचा जादा फायदा दिसला नाही, अमेरिकेच्या अभ्यासाला थोडा दिसला. माझा मणका वाकताना हलतो, हे एक्स-रेत दिसतं. म्हणून मी जोडून घ्यायचं ठरवलं. जाता जाता सांगते, तंबाखूमुळे हाड जुळायला अडथळा येतो. मला विचारलं ते ‘सिगारेट ओढता का?’ मिश्रीचं कुणी विचारलं नाही. इथे मिश्री लावणाऱ्या कितीजणी आहेत ते मला माहीत आहे. तुमच्यावर वेळ आली तर न विचारता सांगा.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत माझं प्रकरण मंजूर झालंय. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने पाच लाख झाली. ज्यांचं योजनेत बसत नाही त्यांनी धर्मादाय रुग्णालयात जावं. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ कक आणि २००६ सालची उच्च न्यायालयाने लागू केलेली योजना, यांनुसार तिथल्या दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. आपणहून कुणी देत नाही. समाजसेवकाच्या टेबलाशी जाऊन मागावं लागतं.

तर योजनेत स्क्रू बसतात. माझ्या आईला उचलणारं माणूस बसत नाही.

आई चौऱ्याऐंशीची आहे. घरात आम्ही दोघीच. तिला सकाळी उठवून बसवणं, न्हाऊ घालणं, रात्री दोनदा कूस बदलणं हे मी करते. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने मला वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबरेत पिळायचं नाही. भाऊ चांगला आहे. तो म्हणाला, ‘दोघी आमच्याकडे या, वहिनी करेल.’ वहिनी कारखान्यात पॅकिंगला उभी असते आठ तास, आणि तिचीही कंबर दुखते. भावाने वहिनीचे हात देऊ केले, स्वतःचे नाहीत. पंचवीस वर्षं आपण शिबिरांत सांगतो की सेवा हे काम आहे आणि ते घरातल्या एका बाईच्या गळ्यात पडता कामा नये. मग मी माझा भार तिच्या गळ्यात कसा टाकू? भावाला मी सांगितलंय, रविवारी तू स्वतः ये. बघू.

म्हणून वही केलीय. दिवसाला दोघी, आणि पहिले पंधरा दिवस रात्री एक. जिचा रोज बुडेल तिला तो निधीतून मिळेल, कार्यकारिणीने मान्य केलंय. ‘ताईंसाठी एवढं करू की’ म्हणून रोज सोडू नका, मी येऊ देणार नाही. ओंडक्यासारखं अंग न पिळता कुशीवर कसं वळवायचं, ते फिजिओथेरपिस्ट बाई आपल्या कार्यालयात येऊन शिकवणार आहेत. ते सर्वांनी शिकावं, घरोघरी उपयोगी पडेल.

आता अवघड गोष्ट. आमच्या चाळीत सार्वजनिक संडास आहे, भारतीय बैठकीचा. मला तिथे उकिडवं बसता येणार नाही, म्हणून भोकाची खुर्ची आणली आहे. तिच्याखालचं भांडं कुणीतरी उचलायला हवं. असलं काम आपल्यात आपोआप कुणाकडे सरकतं, हे या सभागृहात मी समजावून सांगायला नको. म्हणून वहीत त्याचा वेगळा रकाना नाही. जिचा दिवस, तिचं भांडं. हे जिला जमणार नाही तिने नाव घालू नये, राग नाही.

रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘नवरा की मुलगा?’ असं विचारलं. संमती माझी, सही माझी. नातेवाईक म्हणून मी आपल्या खजिनदारांचं नाव लिहिलंय, नातं ‘मैत्रीण’. कारकुनाने दोनदा वाचलं.

भीती वाटते का? वाटते. नसेला इजा होऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. ‘अमकीची बाई ऑपरेशननंतर उठलीच नाही’ ही गोष्ट मला आजवर नऊ जणींनी सांगितलीय. दहावीने चहा पिऊन जावं. एवढं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा: लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही, तेव्हाच रुग्णालय गाठायचं. माझ्यासाठी, आणि तुमच्या स्वतःसाठीसुद्धा.

वही चहाच्या टेबलावर आहे. दिवस बरेच भरलेत, पहिल्या आठवड्याच्या रात्री अजून मोकळ्या आहेत. आईला रात्री कुणी बोलायला असलं की ती झोपत नाही, हेही आधीच सांगते.