परसातली शेड: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

बरेच जण विचारतात, ग्रासकटर, कोयते, खताची पोती ठेवायला परसात स्वस्तात शेड कशी उभी करू? आधी माझी फजिती ऐका.

आमचं घर श्रीवर्धनजवळ. पहिली शेड मी जवळजवळ फुकटात केली. सुरूचे चार वासे पुरले, जुने पत्रे खिळ्यांनी ठोकले, झालं. मग आलं ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आपल्याला वाटतं वारा पत्रा मोडेल. तसं नसतं. वारा पत्रा उचलतो. उघड्या बाजूने आत शिरतो आणि खालून ढकलतो, त्याच वेळी वरून जाणारा वारा ओढतो. खिळे अक्षरशः उपटून आले. एक पत्रा उडाला तो शेजारच्या काकांच्या गोठ्यात, थेट दावणीवर. काकांनी तासाभरापूर्वीच गाय पडवीत आणून बांधली होती, म्हणून वाचली. काका मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वेळी पैसे खाली आणि वर घातले. जीआय पाइप दोन फूट खोल काँक्रीटमध्ये, आणि तळाला सळईचा आडवा तुकडा वेल्ड केला, म्हणजे पाइप उपटून येत नाही. पत्र्याला खिळे नाहीत, जे-बोल्ट. तो आडव्या पाइपला खालून पकडतो. भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडायचं, कारण पाणी खळग्यातून वाहतं. रबरी वॉशर हवाच, पण तो चपटा होईपर्यंत आवळू नका. पत्रे टाकायला सुरुवात वारा येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून करायची, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे येत नाही.

बाकी सगळीकडे कंजुषी चालते. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, खाली उरलेले चिरे, खताची पोती फळीवर. जुना पत्रा घेताना उन्हात धरून बघा, बारीक भोकं लगेच दिसतात. सिमेंटचे जुने पत्रे मात्र कापू नका, भोकं पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, धूळ फुप्फुसात जाते. आणि पेट्रोलचा कॅन पत्र्याखाली ठेवू नका, प्लीज.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. रात्रभर मी पत्र्यांचा आवाज ऐकत जागा. सकाळी एक तट्टी काकांच्या विहिरीजवळ पडलेली. पत्रे जागेवर. तट्टी परत बांधायला सुतळी आणि अर्धा तास लागला. सुतळी काकांनीच दिली.