घरच्या विमानावर सांचणारा बर्फ



आर्णीसारख्या गांवीं बर्फ म्हटला म्हणजे डोळ्यांसमोर येते ती लाकडाच्या भुशांत गुंडाळलेली लादी, किंवा जत्रेंतला रंगीत गोळा. अरुणावतीच्या परिसरांतील हें तालुक्याचें ठिकाण. वैशाखांत येथें पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा गांवांत संगणकासमोर बसून विमान चालविण्याचा सराव करणाऱ्या मुलाला वा मुलीला, 'विमानावर बर्फ बसला तर काय कराल?' असें विचारल्यास तीं हंसतील. बर्फ हा थंड मुलखांचा शत्रु, आपला नव्हे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कां चुकीची आहे, आणि घरच्या सिम्युलेटरवर ती कशी दुरुस्त करून घेतां येते, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम आपल्या शेतकऱ्यालाच साक्षीला बोलावूं. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्यें विदर्भ-मराठवाड्यांत जी गारपीट झाली, तिनें हातीं आलेला गहू-हरभरा झोडपून काढला. त्या गारा हिमालयांतून आल्या नव्हत्या. आपल्याच डोक्यावर तयार झाल्या होत्या. दर हजार फूट चढलें कीं हवा सुमारें दोन अंशांनीं थंड होते. भर पावसाळ्यांतहि विदर्भावर साधारण सोळा ते अठरा हजार फुटांच्या आसपास पारा शून्यावर येतो. त्याच्या वरच्या ढगांतील जलबिंदु लगेच गोठतात असें मात्र नाहीं. शून्याखालीं दहा-पंधरा अंशांवरहि त्यांतले पुष्कळसे द्रवरूपच राहतात, आणि विमानाच्या पंखाचा स्पर्श होतांच त्यावर गोठून बसतात. तेव्हां बर्फ हा देशाचा गुण नव्हे, उंचीचा आहे.

याहून नवलाची गोष्ट अशी, कीं लहान विमानाला बर्फ जमिनीजवळहि गांठतो, आणि तोहि इंजिनाच्या आंत. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें कार्ब्युरेटरमधील हवा थंड होते. तेथें पेट्रोलची वाफ होते आणि अरुंद गळ्यांतून जातांना हवेचा दाब उतरतो. या दोहोंमुळें तिचें उष्णमान वीस-तीस अंशांनींहि खालीं येऊं शकतें. हवा दमट असली म्हणजे त्या गळ्यांत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. बाहेर तीस अंश उष्णता असली तरी हें घडूं शकतें. श्रावणांतली आर्णीची हवा याला अगदीं सोयीची!

पहिला सराव याचाच करावा. सेसना १५२ सारखें कार्ब्युरेटरचें विमान घ्यावें, हवा दमट ठेवावी आणि थ्रॉटल कमी करून सावकाश खालीं उतरावें. कांहीं वेळानें इंजिनाचे फेरे हळूहळू घटूं लागतील. नवशिका अशा वेळीं थ्रॉटल पुढें ढकलतो, आणि खरें कारण झांकलें जातें. उपाय आहे कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या दांड्याचा. तो पूर्ण ओढावा, अर्धवट नव्हे. दांडा ओढतांच फेरे आणखी घटतात, आणि वितळलेलें पाणी आंत गेल्यानें इंजिन अडखळतें. येथेंच मनुष्य घाबरून दांडा परत ढकलतो. तो ढकलूं नये, धीर धरावा. बर्फ गेला कीं फेरे आपोआप वर येतात. औषध लागू पडण्यापूर्वी दुखणें वाढल्यासारखें वाटतें, हा येथला धडा.

दुसरा सराव वेगमापकाचा. विमानाचा वेग कळतो तो पिटो नळीमुळें. आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्यानें १७३२ मध्यें सीन नदीचा वेग मोजण्यासाठीं हिचा उपयोग केला. हिच्या तोंडाशीं बर्फ बसला कीं वेगाचा आंकडा खोटा होतो. रिओहून पॅरिसला जाणारें एअर फ्रान्सचें ४४७ क्रमांकाचें विमान १ जून २००९ रोजीं अटलांटिक समुद्रांत कोसळलें, तें विषुववृत्ताच्या जवळ, उष्ण कटिबंधांतच. उंचावरील हिमकणांनीं त्याच्या पिटो नळ्या एका मिनिटाहूनहि कमी काळ अडल्या होत्या. स्वयंचालक सुटला, वैमानिकानें नाक वर ओढलें आणि ओढलेलेंच ठेवलें, पंखांची उचल तुटली, आणि पांच मिनिटांच्या आंत २२८ माणसें गेलीं. नळ्या मोकळ्या झाल्या होत्या, पण गोंधळ मोकळा झाला नाहीं.

म्हणून स्वच्छ हवेंत असतांनाच, आपलें विमान सरळ राहण्यास नाकाचा कल किती आणि इंजिनाचा जोर किती लागतो, हें वहींत टिपून ठेवावें. मग पिटो नळी तापविण्याचें बटण बंद ठेवून गोठविणाऱ्या ढगांत शिरावें. वेगाचा आंकडा वेडावांकडा होतांच त्याच्या मागें धांवूं नये. वहींतले आंकडे धरून विमान आधीं स्थिर करावें. बटणाकडे हात नंतर न्यावा.

तिसरा सराव पंखांवरील बर्फाचा. खरखरीत सँडपेपराइतका पातळ थर बसला, तरी पंखाची उचल तीस टक्क्यांपर्यंत घटते आणि हवेचा अडथळा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढतो. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजीं अमेरिकेंत रोझलॉन गांवाजवळ ए.टी.आर. ७२ जातीचें विमान, उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालीत असतां, एकाएकीं कलंडून पडलें; ६८ जण ठार झाले. बर्फ झटकण्याच्या रबरी पट्ट्या चालू होत्या. पण मोठ्या जलबिंदूंचा बर्फ त्यांच्या मागें, जेथें पट्टी पोहोंचत नव्हती तेथें, वरंबा धरून बसला होता. याच जातीचीं विमानें आज आपल्याकडेहि उडतात.

हें विमान सिम्युलेटरवर पावसाळी ढगांतून अठरा हजार फुटांवर न्यावें. स्वयंचालक उंची इमानानें राखील. परंतु त्यासाठीं नाक हळूहळू उचलीत जाईल आणि वेग गळत जाईल. बर्फ दिसण्यापूर्वीं जाणवतो तो असा. वेग गळूं लागतांच विमान हातीं घ्यावें आणि खालीं उतरावें. लडाखांत खालीं डोंगर असतात. विदर्भावर मात्र कांहीं हजार फूट उतरलें कीं उबदार हवा असतेच. उन्हाळा ज्याला शाप वाटतो, त्याला येथें तो वरदान आहे. उचल तुटलीच, तर आधीं नाक खालीं. बाकीचें सगळें मागून.

आतां या यंत्राच्या खरेपणाविषयीं. एडविन लिंक यानें आपल्या वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यांतले भाते वापरून १९२९ च्या सुमारास सरावाचें विमान बनविलें. १९३४ मध्यें टपाल नेणारे सैन्याचे वैमानिक खराब हवेंत बळी पडूं लागले, तेव्हां अमेरिकन सरकारनें तीं विकत घेतलीं. पुढें मोठमोठे सिम्युलेटर झाले. तरी त्यांतल्या अनेकांत बर्फ म्हणजे विमानाच्या वजनांत केलेली नुसती वाढ असे. खरा बर्फ वजनापेक्षां पंखाचा आकार बिघडवून मारतो. हा फरक यंत्रानें दाखविला पाहिजे, असा नियम अमेरिकेंत २०१६ मध्यें झाला. सरकारमान्य यंत्रांची ही कथा, मग घरच्या प्रोग्रामाचें काय? कांहींत तर बर्फ केवळ कांचेवरच्या चित्रापुरता ठेवण्याची सोय असते. तेव्हां आपल्या यंत्रावर वेग आणि उचल यांवर खरोखर परिणाम होतो कीं नाहीं, हें आधीं तपासावें.

आणि एक पथ्य पाळावें. बर्फांत किती वेळ टिकतां येतें याची पैज लावूं नये, आणि प्रसंग आला म्हणून खेळ थांबविण्याचें बटण दाबूं नये. पुष्कळशा लहान विमानांना बर्फाच्या ढगांत शिरण्याची मुळीं परवानगीच नसते. घरीं जी संवय हातांना लागेल तीच उद्यां गोंदिया-बारामतीच्या शिक्षणसंस्थेंत बरोबर जाईल. पालकांनींहि हा वेळ खेळांत गेला म्हणून हळहळूं नये; मात्र मुलाला एकच प्रश्न विचारावा : 'आज बर्फाचें पहिलें चिन्ह कोणतें दिसलें, आणि तूं किती लवकर तेथून निघालास?' 'किती वेळ टिकलास' हा प्रश्न नव्हे. याचें उत्तर वहींत सांपडलें, तर त्या खेळण्याचें काम झालें.