एकाच गाडीने जा

वार्षिक रिट्रीट म्हणजे आठ दिवस मौन पाळून करायची साधना. तिच्याबद्दल मला एकच गाऱ्हाणं मांडायचं आहे. राहुरी-संगमनेरकडच्या मिशनांतले फादर आठ दिवसांच्या साधनेसाठी गोव्याला, बागाच्या टेकडीवर जायचे असले, तर हल्ली पुष्कळदा एकेकटे निघतात. कुणी रात्रीच्या बसने, कुणी रेल्वेने. संध्याकाळी फाटकाशी गाठ पडते आणि लगेच मौन सुरू होतं. मग आठ दिवस शेजारीशेजारी जेवायचं, पण बोलायचं नाही. मौन सुटतं तेव्हा बॅगा भरलेल्या असतात. दही लावताना भांडं हलवू नये, हा नियम आपण काटेकोर पाळतो. मौन ते हेच. पण त्याआधी दूध कोमट करावं लागतं, हे विसरतो. गार दुधात विरजण घालून भांडं कितीही निश्चल ठेवा, ते दूधच राहतं. दूध कोमट होतं ते वाटेत, बरोबर जाताना.

हे माझ्या पदरचं नाही. १५ नोव्हेंबर १५३६ रोजी जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियसचे नऊ सोबती पॅरिसहून पायी निघाले. फ्रान्स आणि पवित्र रोमन सम्राट यांचं युद्ध चालू होतं, म्हणून लॉरेन आणि स्वित्झर्लंडचा वळसा घेत, बर्फ तुडवत ते ८ जानेवारी १५३७ ला व्हेनिसला पोहोचले. संघाला पोपची मान्यता १५४० मध्ये मिळाली, पण एकमेकांना धरून राहायची सवय या वाटेवर लागली होती. १५३९ मध्ये रोमला संघ काढायचा की नाही हे ठरवताना ते दिवसा एकेकट्याने प्रार्थना करीत आणि रात्री एकत्र बसून बोलत. आणि त्यांच्यातलाच फ्रान्सिस झेवियर? १५४६ मध्ये अंबोन बेटावरून तो सोबत्यांना कळवतो की, तुमच्या पत्रांतल्या सह्या कापून मी जवळ बाळगल्या आहेत. आडगावी एकट्याने मिशन चालवणाऱ्याची भूक ही अशी असते. आठ दिवसांचं मौन ती भागवणार नाही, त्याचं ते कामही नव्हे. पुन्हा सांगतो, ते काम वाटेचं आहे.

यावर कुणी इग्नेशियसचाच आधार देईल. ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तकातली विसावी सूचना म्हणते की, मित्र आणि ओळखीपाळखीपासून दूर गेल्याने फळ अधिक मिळतं. खरं आहे, पण ती सूचना साधनेच्या दिवसांची आहे, तिकडे जाण्याच्या रस्त्याची नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. दोघादोघांनी धाडलेले प्रेषित परत आले, तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात चलायला सांगितलं. सगळे एकाच होडीतून निघाले. लोक काठाकाठाने धावत आधीच पलीकडे हजर! म्हणजे जी काय विश्रांती मिळाली, ती होडीतच. दुसरी हरकत वायफळ गप्पांची. बिशपांच्या बदल्या आणि क्रिकेट यांवरच गाडी अडली, तर दूध उकळलं म्हणायचं. कढत दुधात विरजण वाया जातं. पण म्हणून कुणी दूध तापवायचंच सोडत नाही. तिसरी हरकत मला मान्य आहे: सगळी मिशनं एकाच दिवशी बंद ठेवता येत नाहीत. तर चाळीस जण कुणी मागितले? एका भागातले चार-पाच जण एका स्टेशनवर भेटले तरी पुरे. त्यांत एखादे ऐंशीतले फादर असतील; त्यांची बॅग उचलायला कुणीतरी हवंच ना?

साधना दरवर्षी करायची, हे जेझुइटांनी १६०८ मध्येच ठरवलं. १९८३ च्या धर्मनियमसंहितेनेही सर्व व्रतस्थांना ती पाळायला सांगितली आहे. तिथवर जायचं कसं, ते मात्र आपल्यावर सोडलंय.   वरिष्ठांना एकच विनंती: रिट्रीटचं पत्रक काढाल, तेव्हा मौन किती वाजता सुरू होतं त्याच्या वरच्या ओळीत, गाडी कुठून आणि किती वाजता निघते, तेही छापा.