मखमली मॅलाकाइट

मॅलाकाइट म्हटलं की हिरव्या वलयांचा गुळगुळीत दगड आठवतो. संग्राहक मात्र जीव टाकतात तंतुमय नमुन्यावर. काँगोतल्या कोल्वेझी परिसरातल्या तांब्याच्या खाणींत असे नमुने सापडतात. केसासारखे बारीक स्फटिक दाटीनं वाढलेले. उजेडात दगड जरा फिरवला की मखमलीसारखी झळाळी सरकते. तांब्याची गंधकयुक्त खनिजं जमिनीलगत हवा-पाण्यानं झिजतात, त्यातलं तांबं कार्बोनेटयुक्त पाण्याशी जुळतं आणि हे हिरवं खनिज साकारतं. कठीणपणा मोह्जच्या मापावर जेमतेम साडेतीन ते चार, तंतू तर त्याहून नाजूक. बोट फिरवावंसं वाटतंच, पण नको! साफ करायला लिंबू, व्हिनेगरही नको, आम्लात मॅलाकाइट फसफसून विरघळतं. धूळ बसूच नये म्हणून नमुना झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवावा.