‘साबर बोंडं’ : बळ आणि उणीव



रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटास २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या सुतकात दहा दिवस मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातलाच बाळ्या, या दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कथा. पैसा बेताचा, पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुधा जागचा हलत नाही. म्हणूनच त्या दोघांचे मौनही ऐकू येते. हेच त्याचे बळ, असे आम्हांस वाटते.

उणीव? संथपणा सोसवेल, पण आनंदची आई आधीच समजूतदार आहे. ज्या घरी आईसच हे उमगत नाही, तेथल्या मुलाने काय करावे? याचे उत्तर पडद्यावर नाही. ते वाशीमच्या घराघरांनी द्यावयाचे आहे.