फडावरील शाळा



दसरा सरला कीं वडवणीच्या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीस कोयते निघतात. सहावी ते आठवीचीं मुलें सोबत गेलीं, तर भावंडें सांभाळतां सांभाळतां शाळेस मुकतात. मुलीच्या तर लग्नाचीच घाई होते. २००९ च्या कायद्यानें चौदा वर्षांपर्यंत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणून आम्ही विनवितों, मुलांस हंगामी वसतिगृहांत अथवा आजीजवळ ठेवा. तें न साधल्यास पुस्तकें कोपींत न्या. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा घरीं अभ्यास करूनही देतां येते. तुम्हांस वाचतां येत नसलें, तरी रोज रात्रीं मुलास मोठ्यानें वाचावयास लावा, तोडलेल्या टनांचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घ्या. मुकादमाची उचल घरांत टिकत नाहीं. हें धन टिकतें.