इंग्रजीतील ‘जर-तर’



१९६१ च्या मुक्तीपूर्वी पेडणे-डिचोलीची कित्येक मुले इंग्रजीसाठी सावंतवाडी, बेळगाव, मुंबई गाठीत. आज शाळा दारी आहे. २०२३ पासून मोपाला विमाने उतरतात. तेथील नोकरीला इंग्रजी हवेच. पण आपली मुले एका लहानशा ठिकाणी अडतात.

‘नोकरी मिळाली तर येईन’ असे म्हणताना आपण पुढच्या गोष्टीला भूतकाळाचे रूप देतो. मुलगा शब्दशः ‘इफ आय गॉट’ म्हणतो. ऐकणाऱ्यास वाटते, याला स्वतःलाच आशा नाही! दुसरा म्हणतो ‘इफ आय विल गेट’, तेही चुकीचे. खरी शक्यता असेल तेव्हा ‘इफ’नंतर वर्तमानकाळ आणि पुढे ‘विल’: ‘इफ आय गेट द जॉब, आय विल कम.’ नुसती कल्पना असेल तर ‘गॉट’ व ‘वुड’. हुकलेल्या गोष्टीला, म्हणजे आपल्या ‘मिळाली असती तर’ला, ‘हॅड गॉट’ व ‘वुड हॅव’.

पालकहो, नियम घोकवून घेऊ नका. ‘पाऊस पडला तर’, ‘बस चुकली तर’ अशी घरचीच पाच वाक्ये रोज मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आपल्या मुलांची आशा परक्या भाषेतही आशाच म्हणून ऐकू यावी, एवढीच विनंती.